बाळाचे नाव कार्डावर आहे का?

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतील सकाळ होती. ऊसतोडीच्या कुटुंबातील एक बाई साडेतीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात आल्या. खोकला, ताप, छाती भरलेली. केसपेपर काढून पाहिला तर त्या हंगामातील ती चौथी खेप होती. आधीच्या तिन्ही वेळी मी औषध दिले, चार दिवसांत उतार पडला आणि कुटुंब परत फडावर गेले. त्या दिवशी बाहेर बाकावर कोणी नव्हते, म्हणून सावकाश तपासता आले. मुलाचा स्वेटर आणि आतला सदरा दोन्ही काढायला लावले, छातीच्या डाव्या कडेला स्टेथास्कोप टेकवला आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर फुंकर घातल्यासारखा आवाज स्पष्ट ऐकू आला. आम्ही डॉक्टर त्याला मर्मर म्हणतो. तो आधीच्या तिन्ही वेळी असणारच. मी कपड्यांवरून ऐकत होतो, आणि तेही पाठीवर.

मुलाचे वजन भरले साडेनऊ किलो. त्या वयात ते चौदाच्या आसपास हवे. आईला विचारले तेव्हा तिने सांगितले की तान्हा असताना अंगावर पिता पिता त्याला घाम फुटायचा, दोन घोट झाले की थांबायचा. कोणीच विचारले नव्हते म्हणून तिने कोणाला सांगितले नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयाची सोनोग्राफी केली. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र निघाले. शस्त्रक्रिया लागणार हे उघड होते. शहरातील एका खासगी रुग्णालयात अडीच लाखांचा आकडा सांगितला गेला.

वडील मात्र घाबरले नव्हते. "डॉक्टर, आमच्याकडं केशरी कार्ड हाय. कार्डावर फुकट होतंय म्हणत्यात," असे म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढले. त्यांचे बरोबरच होते. पण कार्डावर आजोबा, आजी, ते स्वतः, त्यांची पत्नी आणि थोरली मुलगी एवढीच नावे होती. मुलाचे नाव नव्हते. त्याचा जन्म दुसऱ्या जिल्ह्यात, एका कारखान्याच्या हद्दीत, कोपीवर झालेला. जन्माची नोंदच नव्हती. दाखला नाही, म्हणून आधार नाही, म्हणून कार्डावर नाव नाही. ज्या मुलासाठी सरकारच्या एक सोडून दोन योजना होत्या, तो मुलगा सरकारच्या लेखी जन्मलाच नव्हता.

आजचा विषय हाच आहे. आपल्याकडे ज्या कुटुंबांना नोकरीतून किंवा स्वतःच्या पैशाने विमा मिळत नाही, त्यांच्या मुलांच्या आजारपणाची सोय सरकारने काय केली आहे, आणि ती हाताशी असून मूल तिच्यातून कसे निसटते.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या देशात केवळ मुलांसाठी अशी मोठी सरकारी आरोग्य विमा योजना नाही. विमा आहे तो कुटुंबाला, आणि मूल त्या कुटुंबाच्या यादीत असेल तर त्याला. २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना सुरू झाली तेव्हा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला तीस हजार रुपयांचे संरक्षण होते, पण कुटुंब म्हणजे जास्तीत जास्त पाच माणसे. नवरा-बायको, म्हातारे आई-वडील आणि तीन लेकरे असतील तर कार्डावर कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे हे घरानेच ठरवायचे. कोणते नाव राहत असेल याचा अंदाज वाचकांना येईल. घरात धाकट्याला सगळ्यांत जास्त जपतात, पण यादीत तोच शेवटी येतो.

महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई आणि मुंबई उपनगर हे ते जिल्हे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. पिवळे आणि केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ९७२ प्रकारचे उपचार बिनपैशांत मिळू लागले. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची. तिने पाच माणसांची अट काढून टाकली. वयाची अट नाही, माणसांच्या संख्येची अट नाही, आजार आधीपासूनचा असला तरी चालतो. मुलांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. खासगी पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला बहुधा काही वर्षे थांबावे लागते. हृदयाला छिद्र असलेल्या बाळाला इतकी वर्षे कोण देणार?

पुढे राज्याने दोन्ही योजना एकत्र केल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजनेची मर्यादाही पाच लाख झाली आणि कार्डाचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबे तिच्यात घेण्याचे ठरले. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे शुभ्र कार्डवाला शिक्षक, पिवळ्या कार्डवाली मोलकरीण आणि केशरी कार्डवाला ऊसतोड मजूर, तिघांचीही मुले कागदावर सारखीच. शासकीय आश्रमशाळांतील विद्यार्थी आणि शासकीय अनाथालयांतील मुले यांची तरतूद तर त्याआधीच झाली होती.

विमा या शब्दाने लोक बिचकतात. हप्ता किती, एजंट कोण, असे मला विचारतात. हप्ता नाही आणि एजंटही नाही. कोणी पैसे मागितले तर तो लबाड समजावा. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याला कार्ड दाखवायचे. तो कागद पाहून नोंद करतो, रुग्णालय उपचाराची मंजुरी मागवते. तातडीचा रुग्ण असेल तर उपचार आधी सुरू होतात आणि कागद मागून येतात. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, दवाखान्यातले जेवण आणि घरी परतण्याचे भाडे हे सारे त्यात धरलेले असते. मुलांच्या बाबतीत हृदयाच्या शस्त्रक्रिया, रक्ताच्या कर्करोगाची औषधे, नवजात बाळाचे गंभीर आजार अशा मोठ्या खर्चाच्या गोष्टी यात बसतात.

आता दुसरी बाजू. मुले आजारी पडतात ती बहुतेक वेळा सर्दी, ताप, जुलाब, खरूज, जंत, दातदुखी यांनी. यासाठी भरती व्हावे लागत नाही, आणि भरती नाही तर योजना नाही. माझ्या दवाखान्यातून औषधाची चिठ्ठी घेऊन गेलेला बाप मेडिकलच्या दुकानात 'यातली निम्मीच द्या' म्हणतो, हे मला नंतर दुकानदार सांगतो. त्या निम्म्या औषधाला कुठल्याही विम्याचे संरक्षण नाही. त्यासाठी सरकारी दवाखाना हाच उपाय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे आणि तपासण्यांचे पैसे घेणे बंद झाले आहे. तान्ह्या बाळांसाठी तर त्याच्याही आधीपासून सोय आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात तीस दिवसांपर्यंत मोफत उपचार होत. पुढे ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवली गेली. औषध, तपासणी, लागल्यास रक्त आणि येण्याजाण्याची गाडीसुद्धा. माझ्यासारख्या खासगी डॉक्टराने हे लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण ज्याला परवडत नाही त्याला मी तिकडेच पाठवतो, आणि माझा धंदा त्याने बुडालेला नाही.

विमा खर्च देतो, पण आजार शोधून देत नाही. मोठ्या माणसाच्या छातीत दुखले तर तो बोलतो. मूल बोलत नाही. ते खेळता खेळता खाली बसते एवढेच. म्हणून योजनेचा खरा उपयोग व्हायचा तर कोणीतरी मुलाला आधी नीट तपासले पाहिजे. या कामासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासायची. जन्मजात व्यंग, कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर असे चार गट त्यात आहेत. तालुक्याला फिरती पथके असतात, त्यांत एक पुरुष आणि एक महिला डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा त्यांनी यावे असे ठरलेले आहे. संशय आला की मुलाला पुढे पाठवतात, आणि शस्त्रक्रियेचा खर्चही या कार्यक्रमातून होऊ शकतो.

या पथकाची गाडी शाळेत आली की काही पालक मुलाला त्या दिवशी घरी ठेवतात. सुई देतील, रक्त काढतील, अशी भीती. माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. उलट त्या दिवशी स्वतः शाळेत जावे आणि मुलाचे जे काही खटकते ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. पथकाला एका दिवसात पुष्कळ मुले तपासायची असतात. मी एकटा दवाखान्यात बसून तीनदा चुकलो, तर शंभर मुलांच्या ओळीत त्यांच्या हातून काही निसटणार नाही असे कसे म्हणावे? आईने सांगितलेले एक वाक्य स्टेथास्कोपपेक्षा उपयोगी पडते.

यात एक मोठी फट आहे, आणि ती गरिबांच्या घरात नाही. पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत जातात. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ती जात नाहीत. आपल्या गावात आता भाजीवाल्यापासून कारकुनापर्यंत सारे पोटाला चिमटा घेऊन मुलांना तिथे घालतात. त्या मुलांना टाय असतो, बूट असतात, पण वर्षातून एकदा छातीला स्टेथास्कोप लागतो की नाही हे शाळेच्या मर्जीवर. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल या बाबतीत नशीबवान. अशा पालकांनी वर्षातून एकदा मूल बरे असतानाच डॉक्टरांकडे न्यावे आणि 'नुसते तपासा' असे सांगावे. बाहेर गर्दी असेल तर डॉक्टर कंटाळतील, पण सांगावे.

उशीर झाला तर काय होते ते सांगतो, कारण 'मोठा झाला की छिद्र आपोआप भरते' हे वाक्य मी या गावात फार ऐकले आहे. लहान छिद्रे पुष्कळदा भरतात, हे खरे आहे. मोठे भरत नाही. मोठ्या छिद्रातून डाव्या बाजूचे रक्त उजवीकडे ढकलले जाते आणि फुफ्फुसात गरजेपेक्षा जास्त रक्त जोराने जाऊ लागते. म्हणून मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो, दम लागतो, वजन वाढत नाही. काही वर्षे असे चालले की फुफ्फुसातील रक्तवाहिन्या त्या जोराने जाड आणि अरुंद होतात. मग एक दिवस खोकला कमी होतो, मूल बरे झाले असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात दाब उलटलेला असतो, अशुद्ध रक्त शुद्धात मिसळू लागते, ओठ आणि नखे निळसर पडतात. त्यानंतर छिद्र बुजवता येत नाही. बुजवले तर जिवाला धोका. कार्ड पाच लाखांचे असो की पन्नास लाखांचे, त्याचा उपयोग नसतो. हृदयाचा जन्मजात दोष हजारात सुमारे आठ बाळांना असतो, तेव्हा हा प्रकार विरळा म्हणून सोडून देता येत नाही.

वेळेची हीच गोष्ट इतर व्यंगांना लागू आहे. जन्मतः वाकडा पाय पहिल्या काही आठवड्यांत दाखवला तर दर आठवड्याला प्लास्टर बदलत बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होतो. डोळ्याच्या बाहुलीत पांढरे दिसले तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावे; मोतीबिंदू उशिरा काढला तर डोळा बघायलाच शिकत नाही. थाळी वाजवूनही बाळ दचकत नसेल तर 'उशिरा बोलतात आमच्या घरात' असे म्हणत बसू नये. दूध पिताना घाम येणे, वारंवार छाती भरणे, रडताना ओठ निळे पडणे, खेळता खेळता उकिडवे बसणे, यांपैकी काहीही दिसले तर हृदयाची तपासणी करवून घ्यावी.

आता कागदांविषयी. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. दवाखान्यात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. एक महिन्यानंतर परवानगी आणि स्वयंसाक्षांकित कागद लागतो, एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासारख्या कामांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. दाखला हातात आला की त्याच महिन्यात शिधापत्रिकेत बाळाचे नाव घालावे. पाच वर्षांखालील बाळाचे आधार बोटांच्या ठशांशिवाय निघते. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मात्र ठसे द्यावे लागतात, ते विसरू नये. आयुष्मान कार्ड घरातील प्रत्येकाचे वेगळे काढावे लागते. बापाचे निघाले म्हणजे लेकराचे निघाले असे नाही. नाव घालायचे राहिले आणि मूल अचानक आजारी पडले तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांबरोबरचा मुलाचा फोटो घेऊन आरोग्यमित्राकडे जावे; ही वाट योजनेत ठेवलेली आहे. पण तिलाही जन्मदाखला लागतोच.

हे सारे आईबापांवर का टाकायचे, असा प्रश्न मला पडतो. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही विमा नसलेली लक्षावधी मुले होती. तेथे १९९७ मध्ये मुलांसाठी वेगळी सरकारी विमा योजना निघाली, आणि पैशासाठी सिगारेटवरचा कर वाढवला गेला. (आपल्याकडे गुटख्याच्या पुड्या मोजल्या तर काय काय उभे राहील!) तरी कागद वेळेवर न भरल्याने मुले यादीतून गळतच राहिली. म्हणून जानेवारी २०२४ पासून तेथील कायद्याने एकदा नाव आले की बारा महिने मुलाचे संरक्षण काढता येत नाही असे ठरवले. आणि गरिबांच्या सरकारी विम्यावर बाळंत झालेल्या आईचे बाळ तेथे अर्ज न करताच पहिल्या वाढदिवसापर्यंत विम्यात धरले जाते. आपल्याकडे आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. आईचे कार्ड त्या दवाखान्याने पाहिलेले असते, जन्माची नोंद तोच दवाखाना पाठवतो. मग बाळाचे नाव त्याच नोंदीने कार्डावर का चढू नये? तहसील कचेरीची पायरी चढायला लावायचे कारण मला तरी दिसत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला, पथकाने मुलाला तपासून जिल्हा रुग्णालयात पाठवले. जन्माच्या नोंदीचा आदेश मिळवायला वडिलांच्या तीन खेपा झाल्या आणि तेवढ्या दिवसांच्या कोयत्याची मजुरी बुडाली; मुकादमाची उचल तशीच राहिली. मधल्या काळात मुलाला पुन्हा न्यूमोनिया झाला, जिल्हा रुग्णालयात आठ दिवस काढले. दाखला आला तेव्हा हंगाम संपत आला होता. शस्त्रक्रियेआधी फुफ्फुसातील दाब मोजला, तो वाढलेला होता, पण उलटलेला नव्हता. शहरातील रुग्णालयात छिद्र बुजवले गेले. घरच्यांना शस्त्रक्रियेचे पैसे द्यावे लागले नाहीत. गेल्या हंगामात ते कुटुंब आले तेव्हा वजन तेरा किलो भरले, आणि मी सदरा काढायला सांगण्याआधीच त्याने तो काढला.

दोन पत्रांना उत्तर देऊन थांबतो. एका वाचकाने विचारले आहे की शुभ्र कार्ड आहे पण उत्पन्न बरे आहे, तरी चालेल का? चालेल, आता उत्पन्नाची अट नाही. दुसऱ्या बाईंनी विचारले आहे की आपल्या तालुक्यातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत. यादी बदलत असते, म्हणून मी इथे छापत नाही. १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकांवर फोन केला तर सांगतात, त्याला पैसे पडत नाहीत. आयुष्मान कार्डासाठी १४५५५. फोन करताना शिधापत्रिका जवळ ठेवावी, आणि ती उघडलीच आहे तर नावे एकदा वरून खाली वाचून पाहावीत.